देवराई दम

ओतूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय हौशीराम,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. हल्ली पत्रं फक्त बँका आणि वकील पाठवतात. पण तुमच्या आहुप्यात फोन लागायचा तर माणसाला कड्याच्या टोकावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि आमच्या वकीलबाईंनी ताकीद दिलीय की या विषयावर व्हॉट्सॲपवर एक अक्षर लिहायचं नाही, ते पुरावा होतं. कागदही पुरावा होतो का, हे मी विचारलं नाही. काहीही विचारलं की त्या फी सांगतात.

घोडेगावहून वर येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे एक खोकं दिलंय. त्यात माझं नवीन उत्पादन आहे, ‘देवराई दम’. इमू पाळून झाले, कोरफड लावून झाली, जारच्या पाण्याचा धंदा तेवढा टिकला. तर आता त्याच शेडमध्ये हे पेय बनतं. गुडघे, साखर, स्मरणशक्ती आणि दम, चारही गोष्टींवर चालतं. बाटलीवर खाली लिहिलंय, ‘देवानं जपलं, आम्ही बाटलीत भरलं’. हे वाक्य मला आंघोळ करताना सुचलं.

बाटलीवर तुझा फोटो आहे. रागावू नको. मागच्याच्या मागच्या दिवाळीत मी पुण्याची मंडळी घेऊन वर आलो होतो, तेव्हा तू ओट्यावर बसून पेल्यातून काहीतरी पीत होतास. इतका समाधानी माणूस मी ओतूरच्या बाजारात कधी बघितला नाही. फोटोखाली ‘आहुप्याच्या देवराईचे वैद्य हौशीरामबाबा, वय ९२’ असं छापलंय. डिझाइनवाल्या पोराचा उत्साह, दुसरं काय.

आता थोडं काम. कळंबच्या उज्ज्वलाबाई म्हणून कोणी आहेत. त्यांच्या मुलाचं पोट मुळातच नाजूक. त्यानं आपलं पेय प्यायलं आणि बिघडलं, तर बाईंनी थेट पुण्याच्या ग्राहक आयोगात खोट्या जाहिरातीची तक्रार ठोकली. यात देवराईचं काही नाहीच, असं त्यांचं म्हणणं. तर तू एक प्रतिज्ञापत्र दे: ‘देवराईतील वनस्पती मी स्वतः निवडून बाळासाहेबांना देतो.’ मजकूर टाइप करून सोबत ठेवलाय. तू फक्त सही कर.

तुझ्या आईला, साळुआईला नमस्कार सांग. कॉलेजच्या सुट्टीत तिच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन जेवढा दम आला, तेवढा पुढं कशानंच आला नाही. पण हे बाटलीवर लिहिता येत नाही.

तुझा,
बाळासाहेब


आहुपे,
२१ जानेवारी

प्रिय बाळासाहेब,

खोकं पोचलं. पोरांनी दोन बाटल्या संपवल्या आणि त्यांच्या जिभा हिरव्यागार झाल्या. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं.

आधी वयाचं बोलू. आपण दोघं एकाच वर्षी, एकाच इंग्रजीच्या पेपरात नापास झालो. मग तू अठ्ठावन्नचा आणि मी ब्याण्णवचा कसा झालो? आणि त्या पेल्यात कोरा चहा होता. लंकाबाई म्हणते, माझ्या चहावर धंदा उभा केला तर बाटलीवर निदान माझं नाव तरी घालायचं. एवढी वर्षं नवरा माझा चहा पिऊन तोंड वाकडं करतो, बाटलीवर मात्र हसतोय.

थट्टा इथं संपली. आता नीट वाच.

तुला आमची देवराई ठाऊक आहे. तिथून कोणी काही आणत नाही. फळ नाही, पान नाही, वाळकी काटकी नाही. मोडून पडलेलं झाड जागच्या जागी कुजतं. माझ्या घराचं आढं वादळात मोडलं, तेव्हा देवराईत आडव्या पडलेल्या सरळसोट लाकडाला वळसा घालून मी घोडेगावला गेलो आणि वखारीतून लाकूड विकत आणलं. गावातल्या कुणालाही यात विशेष वाटलं नाही, मलाही नाही.

परवा गावकी बसली. भागूनं तुझी बाटली मधोमध ठेवली आणि उभा राहिला. म्हणाला, “आमच्या बापजाद्यांनी कदी वाळकं काटूक उचाललं न्हाई, आन ह्यो गडी देवराईचा रस काडून इकतो व्हय? फोटू बगा की. कसा हसतोय!” मी सांगितलं, मला काही माहीत नाही. पण फोटो माझाच होता आणि त्यात मी खरोखरच हसत होतो.

चैत्री पौर्णिमेच्या उत्सवाला देवापुढचा पहिला दिवा आमच्या घरचा असतो, घरातली सगळ्यात म्हातारी बाई तो लावते. आजीनंतर तो मान आईकडं आला. गावकीनं ठरवलंय, हे प्रकरण निस्तरेपर्यंत दिवा दुसऱ्या घरचा. आईचं वय आता खरोखरच नव्वदीकडं आहे. पुढच्या चैत्राचा भरवसा मी कुठल्या तोंडानं देऊ? तिला हे सांगितलं तर तिनं वळत असलेल्या वाती गुंडाळून ठेवून दिल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

सही करत नाही. तू मला एवढंच सांग, देवराईतून काही नेलंस का?

तुझा,
हौशीराम


ओतूर,
४ फेब्रुवारी

प्रिय हौशीराम,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. भावना समजल्या. (हे वाक्य वकीलबाईंनी शिकवलंय, पण वाईट खरंच वाटलं.)

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही. आयोगात आमचा लेखी जबाब दाखल झालाय. त्यात आम्ही दोन मुद्दे मांडलेत. पहिला: यात देवराईच्या वनस्पती शंभर टक्के आहेत. दुसरा: ‘दम’ हा शब्द काव्यात्म आहे, आणि जाहिरातीतलं काव्य समजून घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची आहे. वकीलबाई म्हणतात, पहिला पडला तर दुसऱ्यावर उभं राहायचं. मी विचारलं, दुसराही पडला तर? त्यांनी फी सांगितली.

तेव्हा आयोगापुरतं उत्तर ‘हो’ आहे. पण तू कशाला घाबरतोस? आयोग पुण्यात, आहुपे आहुप्यात. तुमच्या गावातलं कोण जबाब वाचायला पुण्याला जाणार? तू गावात खुशाल ‘नाही’ म्हणून सांग, मी पुण्यात ‘हो’ म्हणतो. दोघांचंही काम होतं.

गावासाठी मी एसटीचा निवारा बांधून द्यायला तयार आहे. पावसात माणसं भिजतात ते मला बघवत नाही. त्यावर बाटलीचं चित्र फक्त एका बाजूला असेल.

आईला सांग, बाळ्या सगळं बघून घेतो.

तुझा,
बाळासाहेब


आहुपे,
२७ फेब्रुवारी

प्रिय बाळासाहेब,

आमच्या गावातलं कोणी पुण्याला गेलं नाही. पुणंच वर आलं.

मंगळवारच्या एसटीनं उज्ज्वलाबाई उतरल्या. शाळामास्तरीण होत्या म्हणे, आवाजावरूनच कळलं. पिशवीत पाण्याची बाटली, चपाती-भाजी आणि तुझा लेखी जबाब. त्यांनी बाटलीवरच्या ‘वैद्य हौशीरामबाबां’चं घर विचारलं. मी समोर आलो तर म्हणाल्या, “तुमचे वडील आहेत का घरात?”

मी त्यांना चहा दिला. फोटोतलाच. मग त्यांनी पारावर बसून तुझा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. ‘शंभर टक्के’ आलं तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावले. काव्याचा मुद्दा कुणाला कळला नाही, बाईंनी दोनदा समजावला तरी.

एक गोष्ट तू मला सांगितली नव्हतीस. त्यांचा मुलगा आदेश पोलीस भरतीला धावत होता. तुझ्या बाटलीवर लिहिलंय, ‘सोळाशे मीटर, दम लागणार नाही! धावण्याआधी दोन, नंतर एक.’ पोरानं अगदी छापल्याप्रमाणं केलं. तिसऱ्या फेरीपर्यंत पुढं होता. मग पोट धरून मैदानाबाहेर पळाला तो परत आलाच नाही. यावर आमची तरणी पोरं हसली, मीही हसलो असेन. बाई हसल्या नाहीत. ती त्याची शेवटची भरती होती, आता वय उलटलं. पाच वर्षं तो कळंबहून पहाटे हायवेच्या कडेनं धावत होता. आता एका हॉटेलात बिलं लिहितो. नाजूक पोट वगैरे काही नाही, त्यानं पाच वर्षांत तुझ्या बाटलीखेरीज काहीच नवीन पोटात घातलं नव्हतं.

गावकीचा निकाल असा: बाळासाहेबानं उत्सवाच्या आधी इथं यावं, देवापुढं बेलभंडार उचलून शपथेवर सांगावं, देवराईतून काही नेलं की नाही. नेलं असेल तर दंड त्याला आणि मला. नसेल तर मी मोकळा, दिवा आईचा.

तुझा,
हौशीराम


ओतूर,
८ मार्च

हौशीराम,

हे पत्र वाचून चुलीत घाल.

अरे, काही नाही रे त्यात! साखर आहे, लिंबूसत्त्व आहे, खायचा हिरवा रंग आहे आणि माझ्या जारच्या प्लँटचं पाणी आहे. वासासाठी एक थेंब कसलातरी टाकतात, तो मुंबईहून येतो. देवराईत मी पाय ठेवला तो पुण्याच्या मंडळींना दाखवण्यापुरता, आणि तेव्हाही भीतीनं चप्पल बाहेर काढली होती. तुमच्या देवाला माहीत आहे.

पण मी येऊन हे बोलू कसं? बेलभंडार हातात घेऊन ‘काही नेलं नाही’ म्हटलं, तर आयोगातला जबाब खोटा. ‘नेलं’ म्हटलं, तर देवापुढं खोटं. तू म्हणशील, आयोगात खोटं चालतं का? अरे, प्रतिज्ञापत्राचं कसं असतं, जुन्नरला नोटरीच्या टेबलावर शंभर कागदांच्या चळतीत आपला एक. त्याच्यावर शिक्का मारणाराही तो वाचत नाही. बेलभंडाराचं तसं नाही. माझ्या चुलत्यानं बांधाच्या भांडणात खोटा उचलला होता, पुढं त्याचं काय झालं ते तू बघितलंस. डॉक्टर मधुमेह म्हणाले, पण आम्हा घरच्यांना माहीत आहे.

माझी एक विनंती गावकीपुढं ठेव. बेलभंडाराऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल का? पाहिजे तर दोन देतो.

तेही जमत नसेल तर उत्सव महिनाभर पुढं ढकलता येईल का? आयोगात पुढची तारीख एप्रिलअखेरची आहे. तिथं तारीख अगदी सहज मिळते, नुसता अर्ज करावा लागतो. तुमच्याकडं अर्ज कोणाच्या नावानं करायचा?

तुझा,
बाळ


आहुपे,
१७ मार्च

प्रिय बाळ,

देव तारीख देत नाही. विचारायचीही मला लाज वाटली.

तुझं पत्र चुलीत घातलं. गावकीत वाचून दाखवलं असतं तर त्याच दिवशी मी मोकळा झालो असतो. लंकाबाई तेच म्हणाली, आणि दोन दिवस मला चहासुद्धा दिला नाही. पण ते तू मला लिहिलं होतंस, गावाला नाही. जे सांगायचं ते तू सांग.

आईला मी एवढंच सांगितलं की बाळ्या अडचणीत आहे, त्याला यायला जमेल असं दिसत नाही. ती म्हणाली, “त्याला म्हनावं, जेवाया ये. बाकीचं ऱ्हाऊ दे. दिव्याचं काय, कुनीबी लावंल.”

तिनं असं म्हटल्यावर मी उठून गोठ्यात गेलो. मला तुझा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

हौशीराम


ओतूर,
२५ एप्रिल

प्रिय हौशीराम,

उत्सवाहून खाली उतरताना गडबडीत नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितो.

गैरसमज नको, मी काही भावनेच्या भरात आलो नव्हतो. वकीलबाईंची फी वाढली होती आणि त्या दिवशी मला तसंही घोडेगावला काम होतं. घोडेगावपर्यंत आलोच होतो, तर म्हटलं वर चक्कर टाकावी.

पण राव, काय तो प्रकार! हातात बेल आणि भंडारा घेतला आणि निम्मा भंडारा माझ्याच शर्टावर सांडला. पाठ करून आणलेलं सगळं विसरलो. ‘साखर, लिंबूसत्त्व, हिरवा रंग आणि जारचं पाणी, देवाशपथ दुसरं काही नाही,’ एवढंच तोंडातून निघालं. मला वाटलं आता लोक मारतील. तर टाळ्या! भागूनं तर मला उचललंच. “पावनं, लई मोटं काम केलं तुमी! नुसती साखर!” आणि वर शाल-नारळ. इतकी वर्षं धंदा करतोय, मालाबद्दल पहिल्यांदा खरं बोललो आणि पहिल्यांदाच सत्कार झाला.

साळुआईनं दिवा लावला तेव्हा मी मागं उभा होतो. तिनं तेलाचा एक थेंबही बाहेर सांडू दिला नाही. नंतर तिनं मला वाढलं आणि मी किती भाकरी खाल्ल्या ते तिनंच सगळ्यांना सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळं.

आता एक कर. हे सगळं गावातलं गावात राहू दे. आयोगातला जबाब आहे तसाच आहे, तो मी बदलत नाही. देवाचं देवाला दिलं, आयोगाचं आयोगाला देऊ. उन्हाळ्यात माल चांगला उठतोय.

तुझा,
बाळासाहेब


आहुपे,
६ मे

प्रिय बाळासाहेब,

आई आता रोज तुझं कौतुक सांगते. तुला घोडेगावला काम होतं हे मी तिला सांगितलेलं नाही. तू आमच्या घरासाठी आलास हे मी विसरणार नाही, आणि घोडेगावच्या कामावर माझा विश्वास नाही.

म्हणूनच विचारतो. जे इथं सगळ्यांसमोर बोललास, तेच एकदा पुण्यात बोल. तिथं तर शर्ट पिवळा व्हायचीही भीती नाही. त्या पोराची भरती परत येणार नाही, पण ‘तुझं पोटच नाजूक’ हे तरी त्याच्या डोक्यावरून उतरेल.

उत्तर पाठव.

तुझा,
हौशीराम


ओतूर,
१९ सप्टेंबर

प्रिय हौशीराम,

मध्ये बरेच महिने गेले. तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, सीझन होता.

केस हरलो. बाटल्यांवरची सगळी वाक्यं काढायची, आदेशला नुकसानभरपाई द्यायची आणि ‘आमच्या जाहिरातीतील दावे खोटे होते’ अशी जाहिरात स्वतःच्या खर्चानं पेपरात द्यायची. जाहिरात मी पहिल्यांदाच मनाविरुद्ध देतोय. काव्याच्या मुद्द्यावर अध्यक्ष म्हणे नुसते हसले.

आणि हरलो कशामुळं? आहुप्याच्याच कुणीतरी प्रतिज्ञापत्र दिलं की मी देवापुढं असं असं बोललो म्हणून! त्या तारखेला मी गेलो नव्हतो. निकालाची प्रत वकीलबाईंकडं आहे, आणि मागची फी मिळाल्याशिवाय त्या नावही सांगायला तयार नाहीत. माझा संशय भागूवर आहे. मला खांद्यावर उचललं ते यासाठीच. नाहीतर तो कंडक्टर, खोक्यातल्या बाटल्या कमी भरल्या म्हणून त्याच्यावर मी ओरडलो होतो. तू गावातच आहेस, त्या गद्दाराचं नाव काढून मला कळव. त्याला भर पारावर विचारतो की शाल-नारळ देऊन गळा कापायची रीत कुठली.

धंद्याचं विचारशील तर मी खचलेलो नाही. नवीन लेबल छापायला टाकलंय: ‘ग्राहक आयोगाने तपासलेले एकमेव पेय’. खोटं आहे का सांग?

तुझा,
बाळासाहेब


आहुपे,
२ ऑक्टोबर

प्रिय बाळ,

भागूला काही बोलू नकोस. त्या कंडक्टरलाही नको. प्रतिज्ञापत्र माझं आहे.

उज्ज्वलाबाईंनी मागितलं नव्हतं. तुझ्या उत्तराची मी आधी वाट बघितली, पाऊस लागला तरी बघितली. मग लावणी उरकून मीच कळंबला त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्याबरोबर पुण्याला. आयोगातल्या साहेबांनी बाटलीवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि पहिला प्रश्न वयाचा विचारला. मी खरं सांगितलं. पुढंही खरंच सांगितलं. तू मला पत्रात जे लिहिलंस त्यातलं एक अक्षर मी तिथं काढलं नाही. जे तू सगळ्या गावासमोर बोललास, तेवढंच बोललो.

घरी आल्यावर दोन रात्री झोप लागली नाही. तुझं नुकसान होणार हे मला कळत होतं. पण कळंबला त्यांच्या घरी तो पोरगा समोर आला तेव्हा ते जास्त कळलं. मला पाणी दिलं आणि खाली मान घालून म्हणाला, “काका, माजंच पोट तसं आसंल का? कंपनीवाले म्हनत्यात.” तुझ्या खऱ्या बोलण्यावर माझ्या आईला तिचा दिवा मिळाला होता. ते खरं बोलणं मी फक्त आमच्या घरापुरतं वापरलं आणि त्या पोराला दिलं नाही, असं मला करता येईना.

तुला राग येईल. येऊ दे, मलाही मार्चमध्ये आला होता आणि तो तू वर येऊन घालवलास. मला तसं जमणार नाही, कारण मी माफी मागायला येणार नाही. मी चूक केली असं मला वाटत नाही.

मी आपली दोस्ती मोडलेली नाही. तुला मोडायची असेल तर दोन ओळी लिहून कळव. आई रोज विचारते की बाळ्या दिवाळीला येणार का, आणि तिला काय सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

तुझा,
हौशीराम